विणकरांच्या गावात रमतगमत

परगावी शहर पाहायला निघालेल्या माणसाच्या खिशात बहुधा एक यादी असते. मराठी प्रवासवर्णनाच्या दीर्घ परंपरेवरही ह्या यादीचे राज्य मोठे आहे. अमुक मनोरा, तमुक संग्रहालय, अमुक पूल अशी एकेका नावावर खूण होत जाते आणि अखेरच्या दिवशी यादी संपते, तेव्हा शहरही संपले असा समज होतो. फ्रान्समधील शहरे मात्र ह्या यादीला फारशी दाद देत नाहीत. भर दुपारी तेथील अनेक लहान दुकाने दोन तास दार लावून घेतात. भाजीबाजार सकाळी भरतो आणि एकच्या सुमारास उठून जातो. सोमवार हा दिवस तर पुष्कळ ठिकाणी सुट्टीचाच. घाईने आलेल्या माणसाला अशा शहरात बंद दारेच अधिक दिसतात. तिथे जायचे तर आपल्या भाषेतील 'रमतगमत' ह्या जोडशब्दाचा आश्रय घेऊन जावे लागते. ह्या शब्दात चालणे गृहीत आहे, पण भर रमण्यावर आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सोलापूरचे एक निवृत्त शिक्षक अशाच रीतीने लियों ह्या शहरात पाच दिवस हिंडले. त्यांची मुलगी संगणकाच्या व्यवसायात असून काही वर्षांपासून तिचे वास्तव्य तेथे आहे. गुरुजींनी निघण्यापूर्वी चाळीस पानी वहीत स्थळांची यादी लिहून आणली होती. पहिल्याच सकाळी मुलीने ती वही हातातून काढून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "नान्ना, इथे घाई करायची नाही. आधी बाजारात जाऊ." घरात तेलुगू आणि शाळेत मराठी अशा दुहेरी भाषेत वाढलेल्या सोलापूरच्या पद्मशाली कुटुंबात वडिलांना हीच हाक असते. चाळीस वर्षे मुलांना शिस्त लावलेल्या त्या गृहस्थांना वहीवाचून चालण्याची सवय नव्हती. पहिला अर्धा दिवस ते काहीसे अस्वस्थच होते.

लियों हे दोन नद्यांचे शहर आहे. पश्चिमेची सोन ही संथ, वळणे घेत येणारी. पूर्वेची ऱ्होन आल्प्सचे पाणी घेऊन वेगाने धावणारी. दोघींच्या मध्ये जिभेसारखी एक चिंचोळी भूमी आहे आणि तिच्या दक्षिण टोकाशी त्यांचा संगम होतो. सोनच्या पलीकडे फुर्विएरची टेकडी. रोमनांनी इसवी सनापूर्वी ४३ मध्ये वसवलेले लुग्दुनुम तेथेच होते, आणि त्यांचे दगडी नाट्यगृह अजून उतारावर उघडे पडलेले आहे. टेकडीच्या माथ्यावर एकोणिसाव्या शतकातील पांढरे भव्य चर्च आहे. दोन्ही नद्यांच्या मध्ये उत्तरेला क्र्वा-रूस ही दुसरी टेकडी. लियोंचे लोक पहिलीला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात आणि दुसरीला काम करणारी. शहराच्या भूगोलावरच श्रद्धा आणि श्रम ह्यांची अशी वाटणी कोरलेली क्वचितच आढळते.

सोनच्या काठी, साँत-आंत्वान घाटावर, सोमवार वगळता रोज सकाळी बाजार भरतो. ऑक्टोबरचे दिवस होते. धुके नदीवरून पुरते उठलेले नव्हते आणि पलीकडच्या तीरावरील गेरू, गुलाबी, पिवळट रंगांची घरे त्यातून अर्धवट दिसत होती. फळ्यांवर अक्रोड, द्राक्षे, भोपळे, मातीचा वास असलेल्या रानटी अळंब्या मांडलेल्या होत्या. ब्रेस प्रांतातील कोंबड्यांची ऐट निराळीच. त्यांचा तुरा लाल, पिसे पांढरी आणि पाय निळे असतात, म्हणजे राष्ट्रध्वजाचे तिन्ही रंग एकाच पक्ष्याच्या अंगावर. ह्या कोंबडीच्या नावाला १९५७ पासून कायद्याचे संरक्षण आहे. चीजच्या गाड्यावर विक्रेती बाई ग्राहकाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती. मुलीने त्याचा अर्थ सांगितला: केव्हा खाणार, आज रात्री की उद्या? उत्तराप्रमाणे ती बोटाने दाबून, कमी किंवा अधिक पिकलेली साँ-मार्सलँची चकती निवडून देई. गुरुजींना सोलापूरच्या मंडईत आंबे घेताना हाच प्रश्न विचारणारे बागवान आठवले. त्यांची अस्वस्थता तेथे थोडी सैल झाली. ज्या गावात पिकण्याची वेळ विचारून माल दिला जातो, त्या गावात काळाचा हिशेब घड्याळाखेरीज दुसऱ्याही काही मापाने होत असला पाहिजे, इतके त्यांना उमगले.

ह्या शहराची खाण्याबद्दलची ख्याती मोठी आहे, आणि ती राजवाड्यातून आलेली नाही. लियोंच्या पाककलेचा पाया घातला तो मोठ्या घरांत स्वयंपाक करणाऱ्या बायांनी. धनिकांची नोकरी सुटल्यावर त्यांनी स्वतःच्या लहान खाणावळी काढल्या. लोक त्यांना 'आई' म्हणत. त्यांतील यूजेनी ब्राझिए (१८९५–१९७७) ही शेतकरी कुटुंबात जन्मलेली, लहानपणीच आईला पारखी झालेली. १९३३ साली तिच्या दोन भोजनगृहांना मिशलँच्या मार्गदर्शिकेने प्रत्येकी तीन तारे दिले. हा मान तिच्यापूर्वी कोणालाच मिळालेला नव्हता. पुढे जगप्रसिद्ध झालेला पोल बोक्यूझ (१९२६–२०१८) उमेदवारीच्या काळात तिच्याच हाताखाली होता. शहरातील १९७१ सालच्या बंदिस्त बाजाराला २००६ पासून बोक्यूझचे नाव आहे. ब्राझिएचे नाव तिच्या भोजनगृहाच्या पाटीवर टिकून आहे. आयांच्या स्वयंपाकघरातून लेकांची कीर्ती निघते, हे काही एकट्या लियोंचे वैशिष्ट्य म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक सोनच्या पलीकडील जुन्या वस्तीत गेले. ह्या वस्तीतील गल्ल्या नदीला समांतर धावतात. त्यांना जोडणारे आडवे रस्ते फार थोडे. म्हणून घरांच्या पोटातूनच वाटा काढलेल्या आहेत. एका रस्त्यावरचे साधे दार ढकलावे, अंधाऱ्या बोळातून चौकात यावे, चौकातील गोल जिन्याच्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहावे आणि दुसऱ्या दाराने पलीकडच्या रस्त्यावर निघावे. ह्या वाटांना त्राबूल म्हणतात. साँ-जाँ रस्त्यावरील ५४ क्रमांकाच्या घरात शिरणारी वाट चार चौक ओलांडून शेजारच्या रस्त्यावर बाहेर पडते. दुसऱ्या महायुद्धात प्रतिकाराच्या कार्यकर्त्यांना ह्याच वाटांनी पाठलाग चुकवता येत असे. ही सारी वस्ती एकेकाळी पडझडीला आली होती आणि तिच्यातून मोठा रस्ता काढण्याचा घाट घातला गेला होता. रहिवाशांनी विरोध केला, आणि १९६४ मध्ये ऐतिहासिक वस्त्यांच्या रक्षणाचा नवा कायदा फ्रान्समध्ये सर्वप्रथम येथे लागू झाला. १९९८ मध्ये युनेस्कोने शहराच्या जुन्या भागाला जागतिक वारशात स्थान दिले.

त्राबूलमध्ये अजून माणसे राहतात. भिंतीवर टपालपेट्या असतात, खिडकीत वाळत घातलेले कपडे असतात, आणि येणाऱ्याने हळू बोलावे अशी विनंती लिहिलेली असते. गुरुजींना ती विनंती फार आवडली. परक्याला घरातून जाऊ द्यायचे, पण त्याने घराची शांतता पाळावी एवढे मागायचे, ह्यात आतिथ्याची एक रास्त मर्यादा त्यांना दिसली.

ह्याच वस्तीच्या आसपास सोळाव्या शतकात मुद्रकांची दुकाने होती. राब्ले १५३२ मध्ये येथील रुग्णालयात वैद्य होता आणि त्याच सुमारास त्याचे 'पांताग्रुएल' लियोंतच छापले गेले. लुईझ लाबे ही कवयित्री ह्याच गावची. १५५५ मध्ये तिचे लेखन येथेच प्रसिद्ध झाले. तिचा पिता दोरखंड वळणारा आणि पतीही त्याच धंद्यातला. साहित्याच्या इतिहासात ती 'सुंदर दोरवाली' ह्याच नावाने ओळखली जाते. मुलीने ही हकीकत सांगितली तेव्हा गुरुजी काही वेळ बोलले नाहीत. वर्गात त्यांनी संतांचे अभंग चाळीस वर्षे शिकवले होते. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी — धंदा नावातच मिरवणारी ही सारी मंडळी त्यांच्या जिभेवर होती. कबीर विणकर होता, हेही ते दरवर्षी मुलांना सांगत. आपले वडील काय करीत असत, हे मात्र त्यांनी वर्गात कधी सांगितलेले नव्हते. महाविद्यालयाच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' ह्या रकान्यात त्यांनी 'खाजगी नोकरी' एवढेच लिहिले होते, आणि पुढे तेच सर्वत्र चालत राहिले.

तिसऱ्या दिवशी ते क्र्वा-रूसच्या टेकडीवर चढले. चढणीवरील घरे उंच, सपाट, अलंकाररहित; खिडक्या मात्र विलक्षण मोठ्या. आत छत जवळजवळ चार मीटर उंचीवर. सौंदर्यदृष्टीचा येथे संबंध नाही. माग उभा राहावा म्हणून ती उंची ठेवलेली आहे. १५३६ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा ह्याने लियोंला रेशमी कापड विणण्याची सवलत दिली, आणि तीन शतकांत हे शहर युरोपच्या रेशमाची राजधानी बनले. १८०४ साली जोझेफ-मारी जाकार ह्याने आपला माग सिद्ध केला. त्यापूर्वी नक्षीच्या कापडासाठी विणकराबरोबर एक मदतनीस, बहुधा एखादे पोर, दिवसभर दोऱ्या ओढत बसे. जाकारने हे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर सोपवले. भोक असेल तेथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. नसेल तेथे तो खालीच राहतो. प्रत्येक धोट्याच्या फेरीला एक पुठ्ठा. पोराची दोऱ्यांतून सुटका झाली आणि विणकराला आपल्या पोटाची धास्ती लागली. यंत्राच्या इतिहासात ह्या दोन गोष्टी वारंवार एकत्रच येतात.

रेशमाच्या ह्या कामगारांना कानू म्हणत. माग त्यांचा, घर त्यांचे, घाम त्यांचा; धागा आणि दर मात्र व्यापाऱ्याचा. १८३१ च्या शरदात किमान दर ठरवून मिळाला आणि व्यापाऱ्यांतील अनेकांनी तो पाळण्यास नकार दिला. नोव्हेंबरात विणकर टेकडीवरून खाली उतरले. काही दिवस सारे शहर त्यांच्या हाती होते आणि सैन्याला बाहेर पडावे लागले. १८३४ च्या एप्रिलमधील दुसऱ्या उठावात शेकडो माणसे मेली. सोलापूरच्या माणसाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. १९३० च्या मे महिन्यात गिरणगाव असलेल्या त्याच्या शहरानेही गोळीबार आणि लष्करी कायदा पाहिला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फाशी गेले. दोन्ही लढ्यांची कारणे भिन्न होती. पण कापडावर जगणाऱ्या शहराला राग आला की तो गल्लीगल्लीतून वाहतो, एवढे साम्य खरे.

टेकडीवरील विणकर-गृहात हातमाग अजून चालवून दाखवतात. फुलांची मखमल विणायची तर दिवसाकाठी काही सेंटिमीटरच हाती लागतात. खोलीत दहा-बारा पाहुणे होते. विणकराने पायपट्टी दाबली. माथ्यावर पुठ्ठा फिरला, धागे दुभंगले, धोटा गेला, फणी आपटली. तो आवाज ऐकताच गुरुजींनी डोळे मिटले. ज्याला सोलापुरात जेकार्ड म्हणतात आणि ज्यावर प्रसिद्ध सोलापुरी चादर विणली जाते, ती हीच करामत. त्या शब्दामागे एका माणसाचे आडनाव आहे आणि त्या माणसाचा पुतळा ह्याच टेकडीवरील चौकात उभा आहे, हे त्यांना वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळले.

त्यांनी मुलीकरवी विचारले, की हे पुठ्ठे विणकर स्वतः तयार करीत असे काय? उत्तर मिळाले की नाही. तो वेगळाच धंदा होता. नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरवली जाई. मग एक जण ती ओळीओळीने पाहून कोठे भोक आणि कोठे कोरे हे ठरवी. त्या कामाला फ्रेंच भाषेत 'वाचन' म्हणतात आणि ते करणाऱ्याला 'वाचक'.

गुरुजी बाकावर बसले. पुढे जे त्यांनी मुलीला सांगितले, ते त्यांनी आजवर कोणालाच सांगितलेले नव्हते. त्यांचे वडील हेच काम करीत असत. साखर पेठेतील खोलीत, कंदिलाच्या उजेडात, ते पुठ्ठ्यांना भोके पाडीत. डोळे अधू झाल्यावर चौकटीचा कागद त्यांना दिसेनासा झाला. तेव्हा सात-आठ वर्षांचा मुलगा शेजारी बसून ओळी वाचून दाखवू लागला: तीन भरलेल्या, एक रिकामी, दोन भरलेल्या, पाच रिकाम्या. चूक झाली तर चादरीवरच्या मोराची मान तुटे आणि मजुरी कापली जाई. म्हणून वडील प्रत्येक ओळ पुन्हा म्हणून घेत. शाळेत गेल्यावर ह्या मुलाचे वाचन वर्गात सर्वांत स्पष्ट म्हणून वाखाणले गेले. शिक्षक त्याचे श्रेय स्वतःकडे घेत आणि मुलगा ते घेऊ देत असे.

मुलगी म्हणाली, "मला का नाही सांगितलं, नान्ना? मी रोज हेच तर करते." तिच्या म्हणण्यात अतिशयोक्ती थोडीच होती. १८३९ मध्ये लियोंतच जाकारचे एक चित्र रेशमात विणले गेले. त्याला सुमारे २४ हजार पुठ्ठे लागले. इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज ह्याने ते चित्र आपल्याजवळ बाळगले होते आणि आपल्या गणनयंत्रासाठी पुठ्ठ्यांचीच योजना केली होती. भरलेले आणि रिकामे ह्या दोनच खुणांतून सारे सांगण्याची विद्या मागावरून संगणकाकडे आली. आजोबा, वडील आणि नात अशा तीन पिढ्या एकच भाषा वाचत आल्या होत्या. मधल्या पिढीने तेवढी ती लपवून ठेवली होती.

त्या दिवशीचे जेवण बूशोंमध्ये झाले. बूशों म्हणजे लियोंची जुन्या वळणाची लहान खाणावळ: चौकडीचे मेजपोस, खेटून मांडलेल्या खुर्च्या, जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीत येणारी बोजोलेची वाइन. येथील पदार्थ मूळचे गरिबाघरचे. जनावराचे जे भाग श्रीमंतांच्या ताटात जात नसत, त्यांचे हे कौशल्य आहे. पहाटेपासून मागावर बसलेले विणकर सकाळीच भरपेट खात. त्या न्याहारीचे 'माशों' हे नाव अजून टिकून आहे. गुरुजींच्या पुढे एक वाटी आली. ताज्या मऊ चीजमध्ये बारीक चिरलेली कांद्याची पात आणि लसूण, थोडे तेल, थोडा शिरका, मीठ-मिरी; सोबत पाव. पदार्थाचे नाव 'सेर्वेल द कानू', म्हणजे विणकराचा मेंदू. नावामागे वरच्या लोकांनी विणकराच्या बुद्धीची केलेली टवाळी आहे असे सांगतात. आज तीच वाटी शहराच्या अभिमानाची खूण म्हणून पाहुण्यांपुढे ठेवली जाते. गुरुजींनी पावाला लावून एक घास खाल्ला आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाहिजे होती."

हे हसण्यावारी नेण्याजोगे वाक्य नव्हे. रमतगमत हिंडण्याविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खोटा नाही: ज्याच्या हाती रिकामा वेळ आहे त्याचेच हे सुख आहे. ज्या कानूंनी ह्या टेकडीवर दिवसाचे चौदा-पंधरा तास माग ओढला, त्यांना नदीकाठी धुके पाहत उभे राहण्याची सवड नव्हती. त्यांच्या उंच छताच्या खोल्या आता सुखवस्तू लोक आवडीने घेतात, त्यांचे खाणे आता त्यांना परवडले नसते अशा दरात मिळते, आणि त्यांचा माग प्रेक्षणीय वस्तू झाला आहे. सोलापूरच्या जुन्या गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या; तेथे कोणी रमतगमत येत नाही एवढाच फरक. मग ह्या हिंडण्याचे समर्थन कशाने व्हावे? घाईचा प्रवासी श्रम पाहू शकत नाही, कारण श्रमाची खूण यादीत नसते. ती छताच्या उंचीत, वाटीच्या नावात, धंद्याच्या एखाद्या जुन्या शब्दात दडलेली असते. ती दिसायला वेळ द्यावा लागतो. दुसऱ्याच्या कष्टांवर उभ्या असलेल्या सौंदर्यापाशी थांबणाऱ्याने निदान तो वेळ तरी मोजावा, ही अपेक्षा रास्त आहे. आणि कधी कधी, गुरुजींच्या बाबतीत झाले तसे, दुसऱ्याच्या गावातील ती खूण आपल्याच घराचे दार उघडते.

उरलेल्या दोन दिवसांत ते पुष्कळ हिंडले. मोंप्लेझिर भागात ते लूमिएर बंधूंचा कारखाना पाहून आले. त्या कारखान्यातून कामगार बाहेर पडत असल्याचे चलच्चित्र १८९५ मध्ये घेतले गेले, आणि पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात इतर काही चित्रांबरोबर ते दाखवण्यात आले. भारतीय प्रेक्षकाने पडद्यावर पाहिलेल्या पहिल्या माणसांत अशी ही लियोंची कामकरी माणसे होती. गुरुजींनी गिन्योल ह्या हातबाहुलीचा खेळही पाहिला. तिचा जनक लोराँ मूर्गे हा मूळचा विणकरच. काम सुटल्यावर तो दात काढू लागला आणि गिऱ्हाइकाचे भय घालवण्यासाठी बाहुल्या नाचवू लागला, हे कळल्यावर ते मनमुराद हसले.

निघण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा बाजारात जायचे ठरले होते. मुलीच्या पलंगावर सोलापूरहून आणलेली चादर अंथरलेली होती. गुरुजींनी ती उलटी केली. सुलट बाजूला जे लाल ते उलट बाजूला पांढरे आणि जे पांढरे ते लाल, असे ह्या चादरीचे असतेच. मोराच्या मानेवर बोट ठेवून ते एकेक घर मोजू लागले: तीन भरलेली, एक रिकामे, दोन भरलेली. मुलगी शेजारी बसून कागदावर लिहून घेत होती आणि प्रत्येक ओळ त्यांच्यापुढे पुन्हा म्हणत होती. घाटावर ते पोहोचले तेव्हा एक वाजून गेला होता. विक्रेते फळ्या उचलीत होते आणि रस्ता धुतला जात होता.